फाताई आत्यानं बघितलेलं चित्रण

ऐक ना, तो कप खाली ठेव आणि नुसतं ऐक.

आपली लेसिएली माहितीय ना, संस्थेतर्फे इथे मांगेरे वस्तीत घरोघरी जाते ती? पोरं लहान असतील तिथे दर बुधवारी तासभर बसायचं, पोराशी खेळायचं कसं, रडलं तर करायचं काय, हे आईला दाखवायचं. तर मेलेआनेकडे ती आठ महिने जातेय. मेलेआनेची मुलगी तोकिलुपे, अडीच वर्षांची, तोंडाची टकळी अखंड चालू.

यांची एक रीत आहे. मायलेकी खेळत असल्या की मोबाइलवर पाच मिनिटं चित्रण करायचं आणि नंतर ते आईलाच दाखवायचं. बघ, इथे ती तुझ्याकडे बघून हसली, असं.

त्या बुधवारी लेसिएली चित्रण करत होती आणि बाहेर गाडी थांबली. तोकिलुपे बोलता बोलता गप्प झाली. हातातला ठोकळा अजिबात आवाज न करता खाली ठेवला, टेबलाखाली गेली आणि स्वतःच्याच हातानं स्वतःचं तोंड दाबून बसली. मेलेआने मान खाली घालूनच म्हणाली, आत्या आली की लपाछपी खेळते ती.

फाताई आत्या आत आली. आपल्या टोंगन लोकांत आत्या म्हणजे काय ते तुला माहितीय. पोरीचं नाव तिनंच ठेवलेलं. उद्या तिनं पोरगीच मागितली तर नाही म्हणायची बापाचीही छाती नाही. ती खुर्चीत बसली, बाकी सगळे खाली चटईवर. अळूच्या पानात शिजवलेलं मटण आणलं होतं तिनं. ते वाढता वाढता तिनं विचारलं, मोबाइलमध्ये काय गं?

नियम असा की चित्रण फक्त आईनं बघायचं. पण मोठ्या माणसानं मागितलं की आपले हात आपोआप पुढे होतात ना, तसं झालं. लेसिएलीनं वाकून, दोन्ही हातांनी मोबाइल दिला. त्यात काय आहे ते दिल्यावर आठवलं.

आत्यानं पूर्ण बघितलं. मग बोटानं मागे नेऊन गाडीच्या आवाजापासून परत बघितलं. पोर अजून टेबलाखालीच.

"लाजरी झालीय," आत्या शांतपणे म्हणाली. "रविवारी चर्च सुटलं की माझ्याकडे नेते. कायमची. लागेल वळण."

"बरं, वन्सं," मेलेआने म्हणाली.

"खा गं पोरी," आत्या लेसिएलीला म्हणाली. "दमत असशील लोकांच्या घरात बघून बघून."

लेसिएली निघाली तशी मेलेआने फाटकापर्यंत आली. आत्या मारते का, असं लेसिएलीनं हळूच विचारलं.

"मी काही बघितलं नाही. तिच्याकडे दोन दिवस राहून आली की आठवडाभर बोलत नाही, एवढंच." मग तिनं लेसिएलीचं मनगट घट्ट धरलं. "तू तुझ्या संस्थेत वर कळवलंस तर मीच सांगितलं म्हणतील. नवरा बहिणीच्या शब्दाबाहेर नाही. मला घराबाहेर काढतील आणि पोरगी तिच्याचकडे जाईल. नाही कळवलंस तरी जाईलच."

आज शुक्रवार. लेसिएलीनं संस्थेतल्या साहेबांना अजून काही सांगितलेलं नाही. काल ती सहज त्या रस्त्यानं गेली, तर मेलेआने अंगणात पोरीचे कपडे घड्या करून पेटीत भरत होती आणि आत्या शेजारी उभी राहून एकेक मोजत होती.

आता सांग, तू असतीस तर काय केलं असतंस?