चोपन्न ठोके

घड्याळ समजून मला मनगटावर लावायला जाऊ नका. मी छातीवर बांधायचा पट्टा आहे, आणि आज एकदाचं बोलून टाकणार आहे.

दोन बोटं रुंद काळं इलॅस्टिक, आतून दोन रबरी पट्ट्या आणि मधे बटणासारखी एक डबी, एवढाच माझा संसार. रबर ओलं करून मला छातीखाली बांधलं, की मी काळजाचे ठोके मोजतो आणि मोबाईलवर आकडा धाडतो. मिनिटाला इतके. बस. ते काळीज कुणाचं, हे मला सांगता येत नाही. एवढं ध्यानात ठेवा, कारण घात तिथेच झाला.

कारखान्यातलं बालपण सांगण्यासारखं नाही. तिथून मी एका शाळेतल्या खेळाच्या सरांकडे आलो. सरांनी नवा पट्टा घेतला आणि मला एका शिंप्याच्या हाती दिलं. शिंप्याची मुलगी त्यांच्याकडे पळायला यायची. सतरा वर्षांची, नुसती तुरतुरीत. घरात तिला भिंगरी म्हणत.

"सकाळी जाग आली की पडल्या पडल्या पाच मिनिटं बांधा," सर म्हणाले. "रोजच्यापेक्षा सात-आठ ठोके जास्त दिसले तर त्या दिवशी पळवायचं नाही. शरीर थकलेलं असतं, नाहीतर आजारी असतं. आणि आकडा बघाल तसं पोरीकडेही बघत जा."

शिंपी मान डोलावत होता. पण शेवटचं वाक्य त्याच्या कानात शिरलं नाही. तो माझं इलॅस्टिक ताणून बघण्यात गुंग होता.

त्याचा जन्म मापात गेलेला. कंबरेला टेप लावली की भली भली माणसं श्वास रोखून पोट आत घेतात, हे त्याने तीस वर्षं पाहिलं होतं. "माणूस खोटं बोलतो, माप बोलत नाही," असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा. भिंगरीसाठी त्याने मापाच्या वहीत एक कोरं पान काढलं. आजूबाजूला लोकांच्या कंबरा आणि खांदे, आणि मधे हिचे ठोके. चोपन्न. त्रेपन्न. पंचावन्न. चोपन्न.

घर तसं लहानच. पुढे दुकान, मागे खोली, मधे पडदा. सकाळी पडद्याआड भिंगरी मला बांधून पडायची, आणि पुढे शिंपी मशीनवर मोबाईल ठेवून बसायचा. "चोपन्न. ऊठ, आज पळायचं," एवढं तो तिथूनच सांगायचा. पडदा सारून आत यायची कधी गरजच पडली नाही.

घरात तिसरं माणूस म्हणजे आत्या, शिंप्याची थोरली बहीण. भिंगरीची आई लवकर गेली, तेव्हापासून पोरीचं सगळं आत्यानेच केलं. ती रक्तदाबाची गोळी घ्यायची, आणि त्या गोळीने तिचे ठोके संथ पडायचे. एकदा भिंगरीने गमतीत मला आत्याला बांधलं. आकडा आला चोपन्न. "आत्या, तू तर धावपटू निघालीस गं," म्हणत दोघी पोट धरून हसल्या. तेव्हा मलाही मजा वाटली होती. जळली ती मजा.

निवडीच्या शर्यतीला तीन आठवडे उरले होते. पहिल्या दोघींना क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती, आणि भिंगरीने वर्षभर दुसरं काही मनात आणलं नव्हतं. नेमका तेव्हाच तिला ताप आला. चार दिवसांनी ताप उतरला, पण ठोके काही उतरेनात. एकाहत्तर. सत्तर. बहात्तर.

"आज बसायचं," शिंपी रोज म्हणायचा.

"ताप गेला बाबा."

"आकडा गेलेला नाही."

इथवर तो बरोबर होता. आणखी पंधरा दिवस बसवलं असतं तर आज मला तोंड उघडावं लागलं नसतं.

सहाव्या सकाळी भिंगरी हळूच आत्याच्या कानाशी लागली. "आत्या, पाच मिनिटं तू बांध. मला काही होत नाहीये गं. वर्ष वाया जाईल माझं."

"तुझ्या बाबाला कळलं म्हणजे?"

"सांगणार कोण? हा पट्टा?"

आत्याचा जीव पोरीत गुंतलेला. तिने मला बांधलं. मी मुकाट्याने चोपन्न धाडले. पडद्यापलीकडून शिंप्याचा आवाज आला, "आली गं पोरगी माझी जाग्यावर." इतका आनंद त्या आवाजात मी कधी ऐकला नव्हता.

मैदानावर मात्र मी भिंगरीच्याच छातीवर होतो. एरवी ज्या वेगाला एकशे सत्तर यायचे, त्या वेगाला आता एकशे शहाण्णव. मी जीव तोडून आकडे धाडत होतो. शिंप्याने मोबाईल पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"सकाळी चोपन्न आणि आता हे? छे. इलॅस्टिक सैल पडलंय. पट्टा हलतोय."

झालं. संध्याकाळी त्याने मला मशीनवर घेतलं, शिवण उसवली, अर्धा इंच आत घेतलं आणि दुहेरी टीप मारली. कुणी नाव ठेवणार नाही अशी सुबक टीप. खोटा आकडा वहीत जपून ठेवला आणि खरा आकडा दुरुस्त करायला घेतला. मी काय बोलणार? पुढचे दहा दिवस हेच चाललं. सकाळी आत्या, मैदानावर भिंगरी. "जुना झाला आता हा," म्हणत त्याने मैदानावरचे आकडे बघणंच सोडून दिलं.

शर्यतीत तिसऱ्या फेरीला भिंगरी दुसरी होती. मग तिचं काळीज अडखळलं. एक ठोका चुकला, मग तीन घाईघाईने पडले, मग नुसता गोंधळ. ती तोंडावर पडली. माझं हूक कुणालाच सापडेना. शेवटी परिचारिकेने मला कात्रीने कापलं.

"तापाची सूज काळजावर गेली होती," डॉक्टर म्हणाले. "हिला सक्तीची विश्रांती हवी होती."

शिंप्याने वही पुढे केली. "रोज मोजत होतो हो. हे बघा, चोपन्न."

"मग पट्टा बिघडला असेल."

चोर सोडून संन्याशाला फाशी. पण शिंप्याने मला बोल लावला नाही. "मीच उसवून शिवला, माझाच हात चुकला," असं तो येईल त्याला सांगू लागला. कापडावर कात्री धरली की त्याचा हात थांबायचा. भिंगरी जगली, पण चार पायऱ्या चढली की भिंतीला धरून उभी राहायची. पळणं कायमचं संपलं.

दोन महिने आत्याने भावाचं ते बोलणं ऐकलं. मग एके दिवशी तिने मला चिंध्यांतून काढलं आणि हाताने शिवलं, वेडेवाकडे टाके घालून. सकाळी मला ओलं करून बांधलं आणि ती भिंगरीच्या खाटेवर आडवी झाली.

पुढे मोबाईल वाजला. शिंपी पडदा सारून आत आला. खाटेवर आत्या, खिडकीपाशी खुर्चीत भिंगरी, आणि त्याच्या हातात चोपन्न.

"तुझा हात नव्हता रे चुकला," आत्या म्हणाली. "तेव्हा रोज मीच बांधत होते."

"मीच सांगितलं होतं तिला," भिंगरी म्हणाली.

शिंपी कुणावर ओरडला नाही. तो पोरीकडे बघत राहिला. काळसर ओठ, वर आलेली गळ्याची हाडं.

"तू इतकी कधी वाळलीस गं?" त्याने विचारलं.

आता मी तुटक्या बटणांच्या खणात पडून आहे. डबीतला सेल संपत आलाय, नवा घालू नका. मोजायचं असेल तर खुशाल मोजा, माझ्या भाऊबंदांना घरोघरी बांधा. पण आकडा आला की एकदा पडदा सारून आत जा, एवढं माझं ऐका.

आमच्याकडे हे वरातीमागून घोडं आलं. शिंपी आता रोज सकाळी आत जातो, पोरीच्या मनगटावर दोन बोटं ठेवून बसतो.

"किती, बाबा?" ती सवयीने विचारते.

"ते राहू दे. तुला कसं वाटतंय, ते सांग."

"दमल्यासारखं," ती म्हणते. रोज तेच म्हणते.