पदराआडचं मत

शाळेच्या खोलीत मतदान सुरू झालं, तेव्हा भिवराबाई विरोधी उमेदवाराची प्रतिनिधी म्हणून बाकावर बसली होती. चकलांब्याजवळच्या त्या वाडीत आजवर ऊसतोडीची बाई तिथं बसली नव्हती. यंदा ती तोडीला गेलीच नाही. तिला सूड घ्यायचा होता.

वाडीची रीत जुनी. तोडीच्या गाड्या निघाल्या की वाडीचे पुढारी असलेल्या विजयसिंहरावांचा मुकादम बंकट सगळ्यांची मतदानकार्डं 'सांभाळायला' ठेवून घ्यायचा. मतदानाला त्याच कार्डांवर रावांच्या घरच्या बाया हनुवटीपर्यंत पदर ओढून यायच्या. मोठ्या घरचा पदर वर करा म्हणायची कुणाची छाती? आणि आपण शहाणी माणसं पेपरात वाडीचं भरघोस मतदान वाचून कौतुक करायचो. गेल्या निवडणुकीला भिवराबाई कारखान्यावरून धडपडत आली, तर तिचं मत आधीच होऊन गेलेलं. नवरा आश्रुबा जाब विचारायला गेला आणि रावांच्या माणसांनी त्याचा उजवा हात मोडला. कोयता धरणारा हात तो, पुन्हा सरळ झाला नाही.

दुपारी एक ओढलेला पदर आत आला. अधिकाऱ्याने नाव पुकारलं, "मंगल अजिनाथ."

भिवराबाई उठली. "सायेब, मंगल माजी सून हाय. ती कोल्हापुराकडं ऊस तोडतीय. ह्या बाईचं तोंड बगा."

महिला कर्मचाऱ्याने पदर वर करायला लावला. आत रावांची सून सत्यशीला होती.

पोलिसाला बोलावणं गेलं, तसे विजयसिंहराव दाराशी धावत आले. "भिवरे, घरच्या लक्ष्मीची अब्रू हाय. हितंच मिटव."

"माज्या मालकाचा हात मोडला तवा कावून न्हाई मिटवलं?" तिचा आवाज चढला नाही. या घटकेसाठी ती पाच वर्षं जळत होती, आणि आता तिला गोड वाटत होतं.

सत्यशीला रडू लागली. "काकू, मी मनानं न्हाई आले."

भिवराबाईला तिची कीव आली, पण ती मागे हटली नाही. "मंग कुनी धाडलं ते सांग. न्हाईतर तू चौकीत जाशील आन् धाडणारा घरी जेवाया बसंल."

सत्यशीलेने सासऱ्याकडे पाहिलं. घसरलेला पदर तिने सावरला नाही. "मामंजींनी," ती म्हणाली. "समदी कार्डं त्यांच्याच कपाटात हायती."

पोलीस रावांना घेऊन निघाला, ते रांगेतल्या आश्रुबासमोरूनच. आश्रुबाचा नंबर आला तेव्हा त्याने त्याच मोडक्या हाताच्या वाकड्या बोटाने बटण दाबलं, यंत्र वाजेपर्यंत.

"फुडचं नाव घ्या, सायेब," बाकावरून भिवराबाई म्हणाली. "मी हितंच हाय."