जजसाहेबांचा जास्तीचा प्रश्न

न्यायाधीशाच्या खुर्चीवरून निवृत्त झाल्यावर जजसाहेब गपगुमान घरी बसले असते, तर कोणाचं काही अडलं नसतं. पण पुराव्याअभावी सोडून द्यावे लागलेले एकेक चेहरे त्यांना डाचत होते. एक तरी गुन्हेगार आपल्या हाताने आत घालायचा, असं ठरवून त्यांनी सरकारी वकिलाचं काम घेतलं. बायको म्हणाली, "इतकी वर्षं बसून कंटाळलात, आता उभं राहून पाय दुखवून घ्या."

त्यांच्या हाती आला तो खुनाचा खटला. एका गोदामाच्या रखवालदाराला मालकाच्या मुलाने सळईने मारून टाकलं होतं. सगळ्या कामगारांना ते ठाऊक होतं आणि सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं होतं. राहिली रखवालदाराची मुलगी. तिने मागच्या खोलीच्या खिडकीतून पाहिलं होतं. खटला सगळा तिच्या साक्षीवर उभा होता.

पोरगी डगमगली नाही. आरोपीकडे बोट दाखवून म्हणाली, "यानेच मारलं माझ्या बापाला." समोरच्या वकिलाने उलटसुलट विचारून तिला पिडलं, पण ती जागची हलली नाही. तो घाम पुसत खाली बसला. सरकारी बाजूने एवढंच म्हणायचं होतं, की आणखी काही विचारायचं नाही.

पण जजसाहेबांची खोड जाईल कुठे? त्यांच्या कोर्टात साक्षीदाराला पिंजऱ्यातून सोडण्यापूर्वी ते एकदा मायेने विचारत. तसंच, त्याच आवाजात, ते आता विचारून बसले, "बाळ, नीट आठवून सांग. तोंड पाहिलंस ना त्याचं?"

शब्द तोंडातून निघताच त्यांच्या ध्यानात आलं, की आपण आता त्या खुर्चीत नाही.

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत तिच्याशी प्रेमाने बोललेलं हे एकच माणूस. ती म्हणाली, "तोंड नाही दिसलं, साहेब. पाठमोरा होता. पण चाल त्याचीच होती. लहानपणापासून बघतेय मी."

पुढचं सांगायलाच नको. संशयाचा फायदा मिळून आरोपी सुटला. निकाल देणारी न्यायाधीश एकेकाळी जजसाहेबांच्याच हाताखाली शिकलेली. वाचताना तिने एकदाही मान वर केली नाही. त्या खुर्चीत आपण असतो तर आपणही हाच निकाल दिला असता, हे जजसाहेबांना कळत होतं, आणि त्याचीच त्यांना शिसारी आली.

बाहेर व्हरांड्यात आरोपीच्या मित्रांची गळाभेट चालली होती. मुलगी त्यांच्यातून वाट काढत जजसाहेबांपाशी आली. रडत नव्हती.

"साहेब, तुम्ही विचारलंत म्हणून खरं सांगितलं. नव्हतं का सांगायचं?"

बरोबर केलंस म्हणावं, तर तिचा बाप मेला तो मेलाच आणि मारणारा समोर हसत उभा. चुकलीस म्हणावं, तर जन्मभर त्या खुर्चीत बसून केलं काय?

"घरी जा, बाळ," ते म्हणाले.

"घर गोदामातच आहे, साहेब," ती म्हणाली.