विभाग गेला, कपाट राहिलं

दार करकरलं म्हणून दचकू नका. मी लोखंडी कपाट आहे. बोलायचं म्हटलं की आधी माझी बिजागरी बोलते, मग मी.

खामगावच्या एका वर्कशॉपमध्ये माझा जन्म झाला. रंगवता रंगवता करडा रंग संपला आणि माझं एक दार हिरवट निघालं. रंगारी हळहळला, तर मालक त्याला म्हणाला, "हापिसात जाऊन राह्यलं ते. तिथं कोन पाहते?" त्याचं म्हणणं खरं ठरलं. मोताळ्याच्या वाटेवर विद्यापीठाचं एक उपकेंद्र आहे. तिथल्या तत्त्वज्ञान विभागात मला उभं केलं, आणि माझ्या दारांबद्दल आजवर कुणी चकार शब्द काढलेला नाही.

मानव्यविद्या शाखेचं सगळं दप्तर माझ्या पोटात आलं. मराठी, इतिहास आणि तत्त्वज्ञान विभागांची इतिवृत्तं, अभ्यासक्रमांचे मसुदे, चर्चासत्रांच्या पत्रिका, जुन्या प्रश्नपत्रिका. माणसं सभेत काय बोलतात आणि कागदावर काय लिहितात, याचा माझ्याइतका अभ्यास कुणाचा नसेल. ज्या सभेत दोन प्राध्यापक एकमेकांच्या अंगावर धावून गेले, तिच्याबद्दल माझ्याजवळ 'सखोल चर्चा झाली' एवढंच आहे. 'सत्याचे स्वरूप' या विषयावरची एक सभा गणसंख्येअभावी तहकूब झाली होती. थोड्या वेळानं ती तिथंच पुन्हा भरली, कारण तहकूब सभेला गणसंख्या लागत नाही. सत्याचं जे काय ठरलं ते दोन माणसांत ठरलं, आणि त्यातला एक चहा घेऊन आलेला होता.

मग जयमालाबाई आल्या. जयमाला गवई, जानेफळच्या. तत्त्वज्ञानात एम.ए. करायला निघाल्या तेव्हा त्यांच्या आत्यानं विचारलं होतं, "हे शिकून करतात काय?" त्या म्हणाल्या होत्या, "विचार करतात." आत्या म्हणाली, "तो त आम्ही फुकटच करतो." ही गोष्ट त्या दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना सांगायच्या, आणि ती आपल्या बाजूची आहे की आत्याच्या, हे ओळखायला लावायच्या.

वर्गातच बसून राहायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्या पोरापोरींना घेऊन धामणगाव बढ्याच्या आठवडी बाजारात जायच्या, ओट्यावर बसायच्या आणि लोकांपुढे एकच प्रश्न ठेवायच्या. दिलेला शब्द मोडावा का? भुकेल्यानं चोरी केली तर ती चोरी का? लोक आधी हसायचे, मग भांडायचे. पोरं सगळं जसंच्या तसं, वऱ्हाडीतच उतरवून घ्यायची. ते कागद माझ्या मधल्या कप्प्यात आले आणि पहिल्यांदा मला वाटलं, आपल्या आत कुणीतरी खरंच बोलतंय. वरच्या कप्प्यातली इतिवृत्तं त्यांच्याशी फटकूनच वागली. त्यांचं मराठी शुद्ध होतं.

पण तत्त्वज्ञानाकडं मुलं येईनात. विभाग 'तात्पुरता स्थगित' झाला. सरकारी भाषेत तात्पुरतं म्हणजे काय, हे माझ्या तळाच्या कप्प्याला विचारा. जयमालाबाईंना वाणिज्यच्या मुलांना संभाषण कौशल्य शिकवायला दिलं. म्हणजे जी बाई अख्ख्या बाजाराला बोलतं करायची, तिनं आता मुलाखतीत हात कुठं ठेवावेत हे सांगायचं. मला व्हरांड्यात, मोटारसायकलींच्या शेजारी नेऊन टाकलं.

खरं सांगतो, तिथंच माझे दिवस सुखाचे गेले. कुलूप तुटलेलं होतं. पुंजाजी शिपाई माझ्या डोक्यावर झाडू ठेवायचे आणि दुपारी मधल्या कप्प्यातला एखादा कागद काढून मोठ्यानं वाचायचे. एसटीची वाट पाहणाऱ्या मुली वाचायच्या. वाचता वाचता कुणी समासात पेन्सिलीनं लिहायचं, 'हे मला पटत नाही.' विभाग बंद होता आणि अभ्यास चालू होता. हजेरी मात्र कुणी घेत नव्हतं.

एक दिवस संचालकांचा आदेश निघाला की जुन्या दप्तराचं निर्लेखन करावं. निर्लेखन म्हणजे रद्दीत घालणं. संचालकांचं नाव डॉ. अर्जुनराव. माणूस वाईट नव्हता. त्यांना मोकळी जागा आवडायची, एवढंच.

जयमालाबाई त्यांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडं होतं, म्हणून मला ऐकू आलं.

"मॅडम, विभागच नाही तर कागद कशाला?" अर्जुनराव म्हणाले.

"सर, माणूस गेला तरी वारस लागेपर्यंत सातबाऱ्यावर त्याचं नाव राहतं. या विभागाचा वारस अजून लागला नाही."

"तुम्ही फार छान बोलता," अर्जुनराव म्हणाले. "म्हणूनच तुम्हाला संभाषण कौशल्य दिलं."

रद्दीवाल्याचा टेम्पो आला त्या सकाळी जयमालाबाईंनी आपला वर्ग व्हरांड्यात भरवला. माझ्या पुढ्यात सतरंज्या टाकल्या, वाणिज्यची सगळी मुलं बसवली आणि मला फळा टेकवला. रद्दीवाला बराच वेळ उभा राहिला. शेवटी तोही मागं बसला आणि मुलाखतीत हात कुठं ठेवावेत ते शिकून रिकाम्या टेम्पोनं परत गेला. दुसऱ्या दिवशीही वर्ग तिथंच भरला. मग तो यायचाच थांबला. जयमालाबाईंना तोंडी समज मिळाली. त्यांनी ती लेखी मागितली, ती काही आली नाही.

तेवढ्यात वरून पत्र आलं. उपकेंद्राचं मूल्यांकन करायला समिती येणार होती आणि तिला समाजाशी जोडलेला एखादा उपक्रम पाहायचा होता. अर्जुनरावांनी सगळी केबिन धुंडाळली. वृक्षारोपणाचे फोटो होते, झाडं नव्हती. दुपारी ते स्वतः चालत व्हरांड्यात आले. वर्ग चालू होता. ते माझ्या हिरवट दाराशी उभे राहिले.

"मॅडम, ते तुमचं बाजारातलं दप्तर समितीपुढं मांडता का?"

"मांडते. पण विभाग पुन्हा सुरू करायची शिफारस करा."

"समितीपुढंच करतो. शब्द देतो."

आणि अर्जुनरावांनी शब्द पाळला, हे मी मुद्दाम सांगतो. समिती आली. जयमालाबाईंनी कागद वाचून दाखवले. पाहुणे हसले, हळवे झाले, एकानं चष्मा पुसला. अर्जुनरावांनी उभं राहून शिफारस केली. समितीनं ती उचलून धरली आणि अहवालात आणखी एक ओळ घातली, की असा अमूल्य ठेवा व्हरांड्यात पडून राहणं शोभत नाही, त्याचं जतन व्हावं.

जतनाचं काम लगेच झालं. 'ज्ञानवारसा दालन' उभं राहिलं. मला धुतलं, पुसलं, हार घातला. पुढं काच लावली आणि काचेला कुलूप. जयमालाबाईंना शाल-श्रीफळ मिळालं. दालनाला जागा हवी होती, ती तत्त्वज्ञान विभागाची जुनी खोली दिली. त्यामुळं विभाग सुरू करायला खोली उरली नाही.

जयमालाबाई शाल हातावर घेऊन काचेसमोर उभ्या राहिल्या. पुंजाजी शेजारी होते.

"आता काय करता बाई?" त्यांनी विचारलं.

"काय करणार? संभाषण कौशल्याचा तास आहे," त्या म्हणाल्या आणि गेल्या. तो तास त्यांनी घेतला नाही. ग्रंथालयाच्या मागं निंबाखाली बसून होत्या, असं पुंजाजी नंतर कुणाला तरी सांगत होते.

काचेआड मी देखणा झालो आणि मुका झालो. पाहुणे येत, फोटो काढत, जात. आत काय आहे हे कुणी विचारलं नाही, कारण बाहेर पाटीवर सगळं लिहिलेलं होतं.

मग जनकाबाई आल्या. धामणगाव बढ्याच्या. हातात पिशवी, डोक्यावर पदर. जयमालाबाई कुठं बसतात विचारत विचारत त्या दालनाशी पोचल्या. पुंजाजींनी जयमालाबाईंना बोलावून आणलं.

"बाई, आमचे मालक बाजाराच्या ओट्यावर तुमच्यासंग बोल्ले होते. जानराव म्हनून. औंदा गेले ते," जनकाबाई म्हणाल्या. "घरी फोटो हाये त्यायचा. पन फोटो काही बोलत नाही. ते काय बोल्ले होते, तेवढं वाचून दाखवा."

जयमालाबाईंनी अर्जुनरावांना फोन लावला. ते अमरावतीला बैठकीत होते, किल्लीही त्यांच्याबरोबर बैठकीत होती. अभिलेख समितीकडं अर्ज करा, म्हणाले. समितीत कोण आहे, विचारलं तर म्हणाले, समिती अजून स्थापन व्हायची आहे.

मग जयमालाबाई साहेबांशी कधीच बोलल्या नव्हत्या त्या भाषेत बोलल्या. "सर, मी कुलूप तोडून राह्यली. काय कारवाई करायची थे करा." आणि फोन ठेवला.

पुंजाजींनी बाहेरून दगड आणला. "तुमी नोको बाई," ते म्हणाले. "तुमी शिकेल आहा, तुमचा नेम चुकन."

कुलूप पडलं, काच सरकली. जयमालाबाईंनी मधल्या कप्प्यातून तो कागद काढला. त्या दिवशीचा प्रश्न होता, घरात शेवटचा शब्द कोणाचा असावा? जानराव म्हणाले होते, "माह्या घरी त बायकोचाच शब्द चालते. थे म्हनन थे मी करतो. मी आपला हाव म्हनतो." कंसात पोरांनी लिहिलं होतं, 'सर्वजण हसले.'

जनकाबाई नाही हसल्या.

"असं बोल्ले?"

"हो."

"खोटं हाये," जनकाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "हिरीचं पानी आटलं, तिथं पुन्हा खोदू नोका म्हनलं, त खोदली. पोरीले बारावी करू द्या म्हनलं, त लगन लावलं. मी तिथंच उभी होती बाई, ओट्याच्या खाली, पिसवी घेऊन. मले काऊन नाही इचारलं कोनं?"

जयमालाबाईंनी हातातला गठ्ठा पुढचा, मागचा असा चाळला. जानराव, रामराव, कारभारी. बाईचं नाव एकाही कागदावर नव्हतं. एवढ्या चर्चा त्यांनीच घेतल्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला.

"आता सांगा," त्या म्हणाल्या. "मी लिहिते."

जनकाबाई दालनाच्या फरशीवर बसल्या आणि सांगत राहिल्या. जयमालाबाई लिहीत राहिल्या. शेवटी जनकाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "पन बोल्ले गोड," त्या म्हणाल्या. "माह्याम्होरं कधी असं बोल्ले नाही." मग म्हणाल्या, "हे नोका लिहू." थोड्या वेळानं म्हणाल्या, "नाही, लिहा."

त्या कागदाला जयमालाबाईंनी वर 'पुरवणी' असं नाव दिलं आणि जानरावांच्या कागदाला टाचला.

अर्जुनराव परत आले आणि नोटीस निघाली. आरोप दोन, वारशाच्या मालमत्तेचं नुकसान आणि वारसा दस्तऐवजात फेरफार. ही समज मात्र लेखी आली. पहिला आरोप जयमालाबाईंनी मान्य केला. दुसऱ्याला एका ओळीचं उत्तर दिलं, की फेरफार केलेला नाही, राहिलेलं घेतलं आहे. चौकशी चालू आहे. त्यांची वेतनवाढ थांबली आहे. विभाग अजूनही तात्पुरताच स्थगित आहे. नवीन कुलपाच्या खरेदीला अभिलेख समितीची मंजुरी लागते, त्यामुळं मी तूर्त उघडा आहे.

तर तुम्ही जिथं कुठं असाल तिथून माझं एवढंच मागणं, मला जपू नका. हार घालू नका. आत हात घाला.

काल बाजाराचा दिवस होता. जनकाबाई पुन्हा आल्या, आणि त्यांच्या मागं दारात आणखी तिघीचौघी उभ्या होत्या, पिशव्या घेऊन, जरा बिचकत. जयमालाबाई सतरंजी अंथरत होत्या. त्या बायकांतली एक माझ्याजवळ आली, माझ्या दोन्ही दारांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाली, "बाई, आमच्यावाल्यानं काय सांगून ठेवलं थेही काढा."