वाट्याचा चर

सुहासिनीने एखादं काम अंगावर घेतलं, की ते तडीला जाईपर्यंत ती घरात कुणाला सुखाने चहा पिऊ द्यायची नाही. हे तिच्या नवऱ्याला, गुणवंतला, लग्नाच्या तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. म्हणून त्या शनिवारी पोळ्या लाटता लाटता वागीयेम म्हणाली, "ताई, माझा एक काम होता," तेव्हा त्याने मोबाईल उचलला आणि गुपचूप बाल्कनीत सटकला. बाल्कनीत बेचाळीस डिग्री होतं, तरी सटकला.

वागीयेम जावा बेटावरची, वय सेहेचाळीस. अबुधाबीच्या या घरात कामाला लागून तिला अकरा वर्षं झाली होती. ती आली तेव्हा सुहासिनीची इरा चार वर्षांची होती, आता दहावीला होती. या अकरा वर्षांत वागीयेम मराठी शिकली, पण तिच्या मराठीत सगळं जग पुल्लिंगी. भाजी झाला, आमटी झाला, इरा झोपला. सुरुवातीला सुहासिनी दुरुस्त करायची. पुढे घरातलेच तसं बोलायला लागले.

काम साधं नव्हतं. वागीयेमच्या गावाचं नाव सुंबरवारू. डोंगराच्या अंगावर चौऱ्याहत्तर घरं, खाली पायऱ्यापायऱ्यांची भातशेती. गेल्या पावसात दरड कोसळली आणि गावाचा झरा बुजला. दुसरा झरा वर, पावणेदोन किलोमीटरवर. तिथून बाया खांद्यावर कॅन आणत होत्या. पिण्यापुरतं भागत होतं, शेताला थेंब नव्हता. अबुधाबीतली एक संस्था अशा गावांना पाईप द्यायची, त्यांचा फॉर्म वागीयेमने मैत्रिणीकडून मिळवला होता. फॉर्मसोबत गावाचं प्रोफाइल जोडायचं होतं, इंग्रजीत.

"डिसेंबरला माझा व्हिसा खलास, मी घरी जाणार," वागीयेम म्हणाली. "पण पाणी नाही आला तर लोक जमीन सोडून शहरात जाणार. मग मी कोणता घरी जाणार?"

आता, प्रोफाइल लिहिणं हाच सुहासिनीचा पोटापाण्याचा धंदा. सरकारी टेंडरं भरणाऱ्या कंपन्यांना ती प्रोफाइलं लिहून द्यायची. चार माणसं आणि एक व्हॅन एवढीच कंपनी असली, तरी वाचणाऱ्याला वाटावं की अर्धं शहर यांनीच बांधलं. तिने पदर खोचला. पदर म्हणजे काय, कुर्त्याच्या बाह्या वर केल्या, पण भाव तोच.

"एवढंच ना? तुझं गाव मी असं उभं करते की संस्थेवाले रडत पाईप घेऊन धावतील."

पुढचे आठ दिवस घराची कलेक्टर कचेरी झाली. रोज संध्याकाळी जावाला व्हिडिओ कॉल. तिकडे वागीयेमची आई पडवीत बसलेली, मागे कोंबड्या, आणि स्क्रीनमध्ये डोकावणारं अर्धं गाव. सुहासिनी प्रश्न विचारणार, वागीयेम तो जावाच्या भाषेत फेकणार, तिकडून दहा जण एकदम उत्तर देणार.

"आईचं पूर्ण नाव?"

"कारसिनेम."

"आणि आडनाव?"

"आडनाव नाही. आमच्यात एकच नाव असतो. पुरतो."

फॉर्मला पुरत नव्हतं. दोन रकाने भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे सरकेना, तेव्हा म्हातारीची कारसिनेम कारसिनेम झाली.

"बाजार कोणत्या वारी?"

"पोनला."

"पोन म्हणजे मंगळवार की बुधवार?"

मग कळलं, की त्यांचा बाजाराचा आठवडा पाचच दिवसांचा, आणि बाजार आज मंगळवारी असेल तर पुढचा रविवारी. वागीयेमचं नावसुद्धा त्या पाचांतल्या वागे नावाच्या दिवसावरून पडलेलं. "Mom, that's actually so cool," इरा म्हणाली. सुहासिनीने कपाळाला हात लावला आणि लिहिलं, बाजार अनियमित.

असंच पुढे रोजगार आला. लावणीच्या दिवसांत मजुरी किती मिळते? काही नाही. कापणीला? काही नाही. घर शाकारायला? काही नाही, जेवण असतं. सुहासिनीच्या मनात गणित पक्कं झालं. जितकं गाव दीनवाणं, तितका अर्ज भक्कम. तिने लिहिलं, एकशे अठरा लोक बेरोजगार, उत्पन्नाचं साधन नाही, गाव संपूर्णपणे बाहेरच्या मदतीवर अवलंबून. वरच्या झऱ्यापासून पाईपसाठी चर खणायचा खर्च संस्थेने द्यावा, ठेकेदार बाहेरून आणावा. सहा पानं झाली. वाचताना तिचं तिलाच भरून आलं.

"ऐक," म्हणून तिने वागीयेमला समोर बसवलं आणि एकेक वाक्य मराठीत करून सांगितलं. वागीयेम मांडीवर हात ठेवून ऐकत होती. संपल्यावर सुहासिनी वाट बघत राहिली, आता ही डोळे पुसेल.

वागीयेम उठली. "ताई, हा फाड."

"काय?"

"हा माझा गाव नाही. हा भिकारी लोकांचा गाव आहे. फाड."

अकरा वर्षांत या बाईचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. गुणवंत बाल्कनीतून आत आला.

"अगं, मदत मिळवायची म्हणजे असंच लिहावं लागतं," सुहासिनीही तापली. "इथे मी रोज हेच करते. मला शिकवू नकोस."

"बेरोजगार कोण? नाव सांग!" वागीयेमने पानावर बोट आपटलं. "सोमवार सगळे लोक सुगियोचा शेतात. मंगळवार सगळे माझा आईचा शेतात. बुधवार तिसरा घर. पगार नाही, कारण उद्या तो माझ्याकडे येणार. घर बांधायचा तर सगळा गाव येतो, एक दिवसात छप्पर वर. याला आम्ही संबातान म्हणतो. आणि ताई लिहितो बेरोजगार!"

सुहासिनीला वडलांच्या तोंडून ऐकलेला एक शब्द आठवला, इर्जिक. जुन्नरकडे त्यांच्या लहानपणी असंच चालायचं, सगळ्या गावाचे बैल एकाच्या रानात, नांगरट उरकली की भरपेट जेवण, मजुरी नाही. वडील किती कौतुकाने सांगायचे! आणि त्यांची ही शहाणी लेक अबुधाबीत दहाव्या मजल्यावर एसीत बसून एका आख्ख्या गावाला बेकार ठरवून मोकळी झाली होती. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "गाव करी ते राव न करी, आणि मी रावाकडे तोंड वेंगाडत बसले. बस खाली. पहिल्यापासून सांग."

सहाची सहा पानं फाडली. अर्जाच्या मुदतीला दोन दिवस होते. सुहासिनीने ऑफिसात आजारी असल्याचं कळवलं आणि दोघी जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून बसल्या. गुणवंतने दोन्ही दिवस खिचडी केली, आणि ती बरी झाली होती हेही सांगायला हवं. या वेळी सुहासिनीने रकान्यांतले प्रश्न विचारलेच नाहीत. वागीयेम बोलत गेली, ती लिहीत गेली. भात पिकला की पहिल्या कापणीआधी बांधावर भाताची मूद, उकडलेलं अंडं आणि कोंबडी ठेवून सगळे तिथेच बसून जेवतात. पहाटे पुरुष माडावर चढून रस उतरवतात आणि बायका तो आटवून गूळ करतात. विधवेचं शेत आधी लावतात. कोण कुणाकडे किती दिवस राबला, हे कुठेही लिहिलेलं नसतं आणि कुणी विसरतही नाही. रोजगाराच्या रकान्यात सुहासिनीने लिहिलं, बेरोजगार शून्य. खणायच्या खर्चाच्या रकान्यातही लिहिलं, शून्य, गाव खणेल. ठेकेदाराचा रकाना रिकामा ठेवला आणि अर्ज पाठवून दिला.

दहा दिवसांनी संस्थेकडून मुलाखतीचं बोलावणं आलं.

संस्थेतल्या साहेबांचं नाव मुश्ताक. हैदराबादचे, पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्यासमोर चाळीस गावांची चवड होती आणि पाईप पंधरा गावांपुरते होते.

"मॅडम, आपका प्रोफाइल सबसे अलग है," ते हिंदीत म्हणाले. "पण ठेकेदाराचा रकाना रिकामा आहे. लोक सांगतात, आम्ही खणू. आम्ही पाईप पाठवतो आणि पाईप दोन वर्षं शाळेच्या मैदानात पडून राहतात. गाव खणेल, हे मी कशावरून मानू?"

सुहासिनीने उत्तर पाठ करून आणलं होतं. ती बोलणार, एवढ्यात वागीयेमने पर्समधून मोबाईल काढला आणि टेबलावरून त्यांच्याकडे सरकवला.

"खोद दिया, सर," ती म्हणाली.

सुहासिनीने मान वाकडी करून पाहिलं. फोटोत डोंगर होता, आणि डोंगरावरून गावापर्यंत उतरलेला ओल्या लाल मातीचा चर होता. गुडघाभर खोल, सुतात मारलेला. कडेला माणसं फावडी टेकून उभी होती.

"हे कधी?" ती मराठीतच ओरडली.

"अर्ज पाठवला त्या दिवशी मी फोन केला ना. सांगितला, ताईने लिहिला आहे, गाव खणेल. मग खणला. प्रत्येक घराला चोवीस मीटर."

मुश्ताकसाहेबांनी चष्मा खाली घेतला. "पाईप तर अजून मंजूर नाही. नाही मिळाला तर?"

"तो बांबू डालेंगे. बांबू लीक होता है. फिर भी डालेंगे."

त्यांनी फोटो मोठा केला, सरकवला, आणि एका जागी थांबले. चर वरून सलग येत होता, मध्येच तुटत होता, आणि थोड्या अंतराने पुन्हा सुरू होत होता. मधल्या न खणलेल्या जमिनीवर बसायचा लाकडी पाट मांडून, छत्री उघडून एक म्हातारी बसली होती.

"ही कोण? आणि इथेच का नाही खणलं?"

"ती माझी आई," वागीयेम हिंदीत सांगू लागली. "तो आमच्या घराचा वाटा. माझा नवरा वारला, भाऊ नाही. गावाने म्हटलं, म्हातारे, तुझे चोवीस मीटर आम्ही खणतो. आई म्हणाली, मी म्हातारी झाले, पण माझी मुलगी धडधाकट आहे. तिचा वाटा दुसऱ्याने खणला, तर ती या गावाची कशी राहील? आणि तिथे जाऊन बसली. रोज बसते. कुणाला फावडं लावू देत नाही."

मुश्ताकसाहेबांनी मोबाईल परत दिला. "दो-तीन हफ्ते में जवाब आएगा, इन्शाल्ला," एवढंच ते म्हणाले, आणि दारापर्यंत सोडायला आले.

गाडीत बसल्यावर सुहासिनीने एसी पूर्ण सोडला. ती खुशीत होती. सिग्नलला थांबली तेव्हा वागीयेम म्हणाली, "ताई, माझा तिकीट काढ. या आठवड्याचा."

"या आठवड्याचं? अगं, निकाल तरी लागू दे!"

"निकाल पाईपचा. खणायचा काम माझा."

"आणि डिसेंबर?" सुहासिनीचा आवाज चढला. "इराची दहावी आहे. मी सकाळी सातला घर सोडते. अकरा वर्षं हे तुझं घर होतं, आणि तू चोवीस मीटर खड्ड्यासाठी उठून चाललीस? माझा विचार केलास का?"

सिग्नल हिरवा झाला, मागचा हॉर्न वाजवायला लागला. वागीयेमने तिच्या हातावर हात ठेवला. "केला. खूप केला. रात्री रडला पण. पण ताई, आई उन्हात बसला आहे."

सुहासिनीने गाडी पुढे काढली. घर येईपर्यंत तिने दोनदा नाक शिंकरलं. रागही होता, आणि आपण या बाईला घट्ट धरून ठेवायला बघतोय याची शरमही होती. घरी पोचल्यावर चप्पलसुद्धा न काढता ती लॅपटॉपपाशी बसली. तिकीट चौदाशे दिरहमचं होतं, म्हणजे जवळजवळ चौतीस हजार रुपये. गुणवंतने आकडा ऐकून भुवया उचलल्या आणि तिच्याकडे बघून परत खाली आणल्या. व्हिसा रद्द करायला एरवी लोकांना आठवडा लागतो. सुहासिनी तीन कचेऱ्या फिरली आणि दोन दिवसांत कागद हातात घेऊन आली. इराने विमानतळावर वागीयेमला मिठी मारली ती सोडेचना, आणि त्या दिवशी तिच्या तोंडून इंग्रजी निघालं नाही. "लवकर ये," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, येणार नाही हे माहीत असून.

वागीयेम गेली त्याच्या नवव्या दिवशी, दुपारी ऑफिसात, सुहासिनीच्या मोबाईलवर संस्थेची ईमेल आली. तिने ती दोनदा वाचली. मग खुर्ची मागे ढकलून जिन्यात धावली आणि व्हिडिओ कॉल लावला.

बराच वेळ रिंग वाजली. मग स्क्रीनवर आभाळ दिसलं, माती दिसली, आणि घामाने निथळणारा, डोक्याला फडकं बांधलेला वागीयेमचा चेहरा दिसला. तळव्यांना पट्ट्या बांधलेल्या होत्या. मागे बसायचा पाट चराच्या काठावर हलवलेला होता आणि म्हातारी छत्रीखाली बसून लेकीला काहीतरी सांगत होती, बहुधा नीट खण म्हणून.

"मंजूर झालं!" सुहासिनी एवढ्याने किंचाळली, की खालच्या मजल्यावरचा वॉचमन वर बघायला लागला. "पाईप मंजूर! सुंबरवारूचं नाव पहिलं आहे, वागीयेम, यादीत पहिलं!"

वागीयेम हसली. सगळे दात दिसेपर्यंत हसली, आणि मनगटाने डोळे पुसले.

"चांगला झाला, ताई," ती म्हणाली. "पण आता ठेवतो. माझा अजून दोन मीटर बाकी आहे."

आणि मोबाईल आईच्या हातात देऊन ती चरात उतरली.