नागुबाईचा हात

नागुबाईनं लेकीच्या बेंबीवर कणकेचा दिवा ठेवला, वात पेटवली आणि वर तांब्या पालथा घातला. वात विझली. तांब्यानं पोट ओढून धरलं, तशी केवळानं ओठ दाबून घेतले.

"कमरेवर घागर घेऊन कोसभर चालायचं म्हणल्यावर बेंबी सरकणारच," नागुबाई म्हणाली. "आज बसती का न्हाई बघ."

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. विहिरी तळाला गेल्या होत्या आणि बायकांच्या बेंब्या रोज सरकत होत्या. त्या बसवणारा हात एकच, नागुबाईचा. पार शिरूर अनंतपाळहून माणसं गाडी जुंपून यायची. त्या हाताचा तिला गर्व होता, आणि का नसावा? पण गावातच दिलेल्या पोटच्या पोरीची बेंबी काही बसत नव्हती. तांब्या काढला की डावीकडचा टणक गोळा तिथंच असायचा. मग ती आणखी जोर लावून चोळायची.

उन्हाळा सरता सरता गोळा लुगड्यावरून दिसायला लागला. शेजारणी हसून महिने विचारू लागल्या, तेव्हा जावई शेषेराव दोघींना लातूरला घेऊन गेला. लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं, पाट्यांवरचा रंगही ताजा होता. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन करून नारळाएवढी गाठ काढली. तरण्या बायकांत अशी गाठ क्वचितच सापडते, म्हणाल्या.

"माझ्या चोळण्यानं झाली का वो?" नागुबाईनं विचारलं.

"चोळल्यानं होत नाही, मावशी. पण वेळ फार गेला. पुन्हा उठली तर आमच्याही हातात काही राहणार नाही."

त्या दिवसापासून नागुबाईनं कुणाच्या पोटाला हात लावला नाही आणि लातूरची वाटही धरली नाही. तपासणीला शेषेरावच बायकोला नेऊन आणायचा. दारात गाडी थांबली की नागुबाई आतूनच "आता जमत न्हाई" म्हणायची. हात पदराखाली ठेवायची तिला सवयच लागली.

केवळा मात्र सावरली. दिवाळीपर्यंत भाकरी मागून खाऊ लागली. पुढच्या तपासणीच्या आदल्या दुपारी ती आईकडं येऊन आडवी झाली.

"माय, जरा हात ठिव की."

"उद्या डॉक्टरीणबाई बघतील."

"त्या बघतील गं. मला तुझा हात पायजे."

नागुबाईचा नाइलाज झाला. टाक्यांच्या वणापासून लांब, हलक्या बोटांनी ती पोट चाचपू लागली. बरगडीखाली बोटं थांबली. तिथं सुपारीएवढं काहीतरी होतं, टणक, न हलणारं. आपला हात चुकावा असं तिला जन्मात पहिल्यांदाच वाटलं.

"काय लागतंय?" केवळानं डोळे मिटूनच विचारलं.

"काय न्हाई. बेंबी जाग्यावर हाय."

"मग उद्या जायाचं कशाला लातूरला?"

"जायाचं," नागुबाई म्हणाली. "मी बी येते संगं."

केवळानं डोळे उघडून आईकडं पाहिलं. मग तिनं आईचा हात पोटावर तसाच धरून ठेवला.