हेदरखालचं पाणी

दोन हिवाळे फिंटनकाका डिंपनाशी एक शब्द बोलला नव्हता. सख्खा काका. पण डेरीगोवनची दलदल पुन्हा जिवंत करायला तिनं तिथले जुने चर बुजवले, बांध घालून पाणी अडवलं, आणि त्याची जळणाची माती कापायची जागा बुडाली. साठ वर्षं त्या काळ्या मातीच्या विटा वाळवून त्यानं चूल पेटवली होती. आता ती जागा शेवाळाला आंदण दिली, आणि देणारी कोण, तर भावाची पोर! राखीव रानाची नोकरी म्हणजे घरच्यांचा गळा कापायचा परवाना का, असं तो तिला सोडून साऱ्या गावाला विचारत असे.

त्या दुपारी तो खांद्यावर फावडं टाकून पाचव्या बांधाकडे निघालेला तिला पायवाटेवरून दिसला. बांध फोडायला निघालाय हे कळायला ज्योतिषी नको. पण डिंपना धावत सुटली ती बांधासाठी नव्हे. काका आडवाटेनं, हेदरच्या झुडपांतून चालला होता.

हेदर कोरड्या, घट्ट जमिनीतच वाढतं, तिथं बिनधास्त पाय टाक, हिरवंगार दिसेल तिथं जाऊ नकोस, हे त्यानंच तिला शिकवलं होतं. तेव्हा ती सात वर्षांची होती. त्याच्या बुटांच्या ठशांत पाय टाकत मागून धावायची आणि ओरडायची, "हळू चाल ना काका, तुझी पावलं लांब पडतात!" पण पाणी अडवल्यापासून इथलं हेदर नुसतं उभं होतं. मुळं कुजली होती, खाली चिखल. धोक्याची पाटी ऑफिसात महिनाभर पडून होती. उद्या लावू, उद्या लावू, असं चाललं होतं तिचं.

"काका, थांब! तिकडं जाऊ नकोस!"

"आता मी कुठं चालायचं तेही तूच सांगणार?"

दोन वर्षांतलं त्याचं हे पहिलं वाक्य. मुद्दाम त्यानं आणखी दोन ढांगा टाकल्या, आणि कमरेपर्यंत आत गेला.

बांधाशी फळ्या रचलेल्या होत्या. दोन ओढत ती धावली, मग पालथी पडून एकीवरून दुसरी पुढं सरकवत गेली. तोवर चिखल त्याच्या छातीला लागला होता. पाणी बर्फासारखं होतं आणि ओठ निळे पडत चालले होते.

"फावडं आडवं टाक. त्यावर हात ठेव."

"मला शिकवतेस?"

"हो, शिकवते! गप आडवं टाक!"

तिनं त्याची कॉलर धरून ओढलं. तो तसूभरही हलला नाही.

"बूट सोड, काका."

"नवे कोरे आहेत गं."

"खड्ड्यात गेले बूट!"

"तेच तर म्हणतोय."

हसावं की रडावं तिला कळेना. तिनं पुन्हा ओढलं, पुन्हा ओढलं. अखेर एक पाय बुटातून सुटला, मग दुसरा, आणि तो फळीवर येऊन पडला.

बराच वेळ दोघं धापा टाकत होती. त्याच्या मुठीत हेदरचं एक झुडूप आलं होतं, मूळ काळंठिक्कर, कुजकं. तो त्याकडे बघत राहिला.

"हेदर होतं म्हणून पाय टाकला मी," तो म्हणाला. फसवल्या गेलेल्या पोरासारखा.

"पाटी लावायची राहिली. चुकलं माझं," म्हणत डिंपना रडू लागली.

मग तिनं फावडं उचललं आणि टोचून टोचून जमीन तपासत पुढं निघाली. बांधाकडे त्यानं वळूनही पाहिलं नाही. भिजक्या मोज्यांनी, तिच्या ठशांत नेमका पाय टाकत तो मागून येत होता.

"हळू चाल की, पोरी," तो कुडकुडत म्हणाला. "तुझी पावलं लांब पडतात."